ज्यांना मी पाण्यात पाहिलं

जुना मी आहेच, मित्रांनो. ते मी लपवत नाही. माझ्या कडेला गंज आहे, बुडाला दोन ठिकाणी भोकं बुजवायला डाग दिलेले आहेत आणि डाव्या अंगाला वाटीएवढा पोचा आहे. पण जुनं असणं वेगळं आणि भंगार असणं वेगळं. त्या दोहोंतलं मी काय, हे ठरायला त्या दिवशी फक्त अर्धा दिवस उरला होता. दुपारी भंगारवाला येणार होता. गॅलरीतल्या ज्या ढिगाकडे बोट दाखवून घरातली मुलगी म्हणाली होती, “हे सगळं द्यायचं,” त्या ढिगात सगळ्यात वर मी होतो.

मी पत्र्याचा टब आहे. वरून जस्ताचा मुलामा, दोन बाजूंना दोन कान. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं आहे. तिरकेरावांचे पाण्याखालचे गेम ज्यांनी ज्यांनी खेळले, त्या सगळ्यांनी मला ऐकलेलं आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिरकेराव हा एक खेकडा. समुद्राच्या तळाशी राहतो आणि तिथल्या चोऱ्यांचा तपास लावतो. सरळ चालणाऱ्यांना जे दिसत नाही ते याला तिरकं चालून दिसतं, म्हणून हा डिटेक्टिव्ह. बोलत मात्र नाही. बुडबुडे सोडतो. त्याची मदतनीस झिंगी नावाची कोळंबी त्या बुडबुड्यांचा अर्थ सांगते. एक बारीक बुडबुडा म्हणजे ‘मला शंका आहे’. दोन लागोपाठ म्हणजे ‘चल, तिकडे बघू’. आणि चोर सापडला की एकच बुडबुडा, मोठा, गोल, अजिबात घाई नसलेला: गुबुक. म्हणजे ‘उलगडलं’. तो ऐकण्यासाठी मुलं तासन् तास शंखशिंपले उलटेपालटे करत बसायची.

आता मला सांगा, चित्रातला खेकडा कधी बुडबुडे सोडतो का? तो गुबुक माझा होता. पोटात पाणी मी धरलं, घुमवलं मी, आणि नाव झालं त्याचं. दप्तरांवर तो, कंपासपेटीवर तो, वाढदिवसाच्या टोप्यांवर तो. त्या दहापायी प्राण्याला मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. टबाने दुसरीकडे कुठे पाहावं म्हणा!

पण माझा मत्सर तिरकेरावांपासून सुरू झाला नाही. तो त्याहून जुना आहे.

एका अरुंद गल्लीतल्या दुकानात एका कारागिराने मला लाकडी मोगरीने ठोकून घडवलं. इतरांना तो एकदाच ठोकून बघायचा, मला दोनदा ठोकलं. “याचा आवाज चांगला आहे,” तो म्हणाला. तेवढ्यात समोर उभी असलेली बाई म्हणाली, “मग हाच द्या.” तिच्या काखेत दोन महिन्यांची मुलगी होती. टब-बादल्या बघून घेणारी माणसं पुष्कळ असतात. ऐकून घेणारी ही पहिलीच.

मला आणलं होतं त्या मुलीला आंघोळ घालायला. आई पाणी ओतायची, बाही वर करायची आणि कोपर बुडवायची. हाताला पाणी सहन होतं, पण कोपराची कातडी खोटं बोलत नाही, असं तिला तिच्या बहिणीने शिकवलं होतं. कोपराने होकार दिला की मगच बाळ पाण्यात. ते दिवस माझे फार सुखाचे होते.

मग ती बहीण, म्हणजे मुलीची मावशी, एक गुलाबी प्लॅस्टिकचा टब घेऊन आली. त्याच्यावर बदकाचं चित्र होतं.

“अगं, त्या पत्र्याला धार असते. पोरीला लागेल,” मावशी म्हणाली.

“याला नाही धार. बघ हात फिरवून.”

“बदक बघ तरी किती गोड आहे!”

“बदक गोड आहे,” आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून त्या गुलाबी टबात कांदे-बटाटे राहायला लागले. तरीही मी वर्षभर त्या बदकाकडे नाक मुरडून पाहायचो. ते भिंतीपाशी कांद्यांच्या बाजूला होतं, मी पाण्याने भरलेला होतो, आणि तरी मला चैन नव्हती. स्वभाव आहे माझा. काय करू?

मुलगी मोठी झाली. उभी राहून, स्वतःच्या हाताने आंघोळ करायला लागली. माझं काम संपलं असं मला वाटलं. पण एके दिवशी आईने मला उचललं आणि मागच्या छोट्या खोलीत नेलं. त्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया लावल्या होत्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. आईचं काम आवाजांचं होतं. नारळाच्या करवंट्यांनी ती घोडे पळवायची, पिठाच्या पिशवीवर चालून रस्त्यांवर बर्फ पाडायची. लोक ऐकायचे आणि खरं मानायचे.

तिच्याकडे एक प्रोग्रॅमर आला होता. उंच, वाकलेला, चष्मा सतत कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. मुलगी त्याला काका म्हणायची.

“मुलांसाठी गेम करतोय,” तो म्हणाला. “समुद्राखालचा. मला समुद्र हवाय, वहिनी, आणि समुद्र इथून फार लांब आहे.”

“घरचा चालेल का?” आईने विचारलं आणि मला पुढे सरकवलं.

तिची काम करण्याची एक पद्धत होती. घड्याळ काढायचं, अंगठी काढायची, दोन्ही खिडकीत ठेवायची. बाही वर करायची. कोमट पाणी ओतायचं आणि कोपराने बघायचं, अगदी बाळाच्या वेळी बघायची तसंच. प्रोग्रॅमर हसायला लागला, तेव्हा तिने त्याला समजावून सांगितलं, “थंड पाण्याचा आवाज टोकदार असतो. गरम पाण्याचा बोथट. मध्ये कुठेतरी तुमचा खेकडा राहतो.” मग ती दोन्ही हातांची ओंजळ उपडी करून पाण्यात घालायची. ओंजळीत हवा अडकायची. अंगठे हळूच उघडले की ती हवा वर यायची: गुबुक.

प्रोग्रॅमरने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “परत करा,” तो म्हणाला.

अशी आमची मालिका सुरू झाली, मित्रांनो. पहिला भाग होता ‘चोरीला गेलेली भरती’. दुसरा ‘मुक्या शंखाचं प्रकरण’. प्रत्येक भागाचा शेवटचा गुबुक आई अगदी शेवटच्या दिवशी, सगळं काम झाल्यावर करायची. जुना पुन्हा वापरू द्यायची नाही. “नवं कोडं, नवा बुडबुडा,” ती म्हणायची. “उत्तर शिळं दिलं तर मुलांना कळतं.”

या काळात घरात एकटा मीच जळत होतो असं समजू नका. मुलगी शाळेतून यायची तेव्हा मागच्या खोलीचं दार बंद असायचं आणि दारावर पाटी असायची: ‘गप्प!’ ती दाराबाहेर दप्तर घेऊन बसायची. आतून पाण्याचा आवाज ऐकायची. सात वर्षांची असताना एकदा पाटी असूनही ती आत आली.

“तू त्या टबाशीच बोलत बस!”

“अगं राणी, मी कुठे बोलते? तोच बोलतो.”

“मग त्यालाच आई म्हणू दे तुला!” असं म्हणून तिने मला लाथ मारली. सगळ्या ताकदीने. माझ्या डाव्या अंगाला पोचा पडला आणि पाणी जमिनीभर झालं.

आई धावत आली. मला वाटलं, माझ्याकडे. ती मुलीच्या पायाचा अंगठा हातात घेऊन बसली. फुंकर घातली. तिची समजूत काढली. मी तिथे कलंडून पडलो होतो. अंगठा तर लालसुद्धा झालेला नव्हता!

संध्याकाळी तिने मला सरळ केलं, पोच्यावर बोटाने टिचकी मारली आणि कान लावला. पाणी भरून बुडबुडा सोडला. पूर्वी माझा आवाज नुसता गोल होता. आता त्याला खालून एक घुमारा आला होता. “याला गळा फुटला!” ती ओरडली आणि मुलीला हाक मारून तिने तो ऐकवला. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, “टबाला गळा दिला तो आमच्या मुलीने.” म्हणजे बघा, मार मी खाल्ला आणि माझ्या गळ्याचं श्रेयसुद्धा मला नाही.

तिसऱ्या भागाच्या वेळी तर कहर झाला. प्रोग्रॅमर काचेची टाकी घेऊन आला. बुडबुडा दिसला म्हणजे चित्राशी जुळवता येतो, असं त्याचं म्हणणं. टाकीला बसायला स्वतंत्र स्टूल मिळालं. पुसायला स्वतंत्र मऊ टॉवेल. मी टेबलाखाली गेलो आणि माझ्यात ओली फडकी पडायला लागली. वरून टाकीचा पातळ, नाजूक, पाहुण्यांसमोर बोलावा तसा आवाज यायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पत्र्यावर ऊन आलं की पत्रा टण् करतो. हे शास्त्र आहे, मुलं शाळेत शिकतात. पण त्या दुपारी, टाकीचं रेकॉर्डिंग रंगात आलेलं असताना, मी जो टण् केला तो शास्त्रामुळे नव्हता. तुम्हाला खोटं कशाला सांगू?

तो टण् कोणाच्या लक्षात आला नाही. गेमचं नाव होतं ‘सात दारांची गुहा’. चौथं दार उघडलं की पाण्याच्या आवाजामागे, फार खोलवर, एकदा टण् व्हायचं. मुलांच्या मात्र ते लक्षात आलं. मुलांना वाटलं, हा पुरावा आहे! घरी पत्रं यायला लागली. “चौथ्या दारामागे कोण आहे?” “तिरकेराव, मी एकशे बारा वेळा दार उघडलं. टण् करणारा सापडत नाही.” “माझा भाऊ म्हणतो की तिथे आठवं दार आहे. माझा भाऊ खोटं बोलतो का, ते कळवा.”

प्रोग्रॅमर डोकं धरून बसला. “कुठून आला हा आवाज? मी तर घातला नाही!”

आईने पत्रं बाजूला ठेवली. वाकून टेबलाखाली पाहिलं. माझ्यातली फडकी काढली. “कोण जळतंय ते मला कळलं,” ती म्हणाली. मग प्रोग्रॅमरला म्हणाली, “एवढ्या मुलांनी आठवं दार शोधलंय, तर ते आता बांधावं लागेल.”

चौथ्या भागाचं नाव झालं ‘आठवं दार’. टाकी प्रोग्रॅमरच्या घरी परत गेली. मी पुन्हा टेबलावर आलो. पण माझं समाधान झालं का? नाही. गेम संपल्यावर नावांची यादी वर सरकते, ती मी दरवेळी कान देऊन ऐकायचो, कारण मुलगी मोठ्याने वाचायची. आईचं नाव. प्रोग्रॅमरचं. चित्रकाराचं. आवाज चालू असताना गप्प राहिल्याबद्दल शेजारणीच्या कुत्र्याचंसुद्धा. माझं नाही. कुत्र्याचं होतं, मित्रांनो. गप्प राहिल्याबद्दल!

वर्षं गेली. मुलगी शिकायला, मग नोकरीला लांब गेली. खरं सांगायचं तर ती गेली तेव्हा मला आनंद झाला. आता आई पूर्ण माझी, असं मला वाटलं. पण फोन वाजला की ती ओल्या हातांनी धावायची. बुडबुडा अर्धा टाकून.

पाचव्या भागाचं काम चालू असताना तिचे हात सुजायला लागले. अंगठी निघेना. नंतर ती घालायचीच बंद झाली. काम मात्र तिने सोडलं नाही. शेवटचा गुबुक तेवढा राहिला होता. एका सकाळी तिने माझ्यातलं पाणी ओतून दिलं, मला कोरडं पुसलं, उपडं ठेवलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “आलेच.”

‘आलेच’ हा शब्द मला माहीत होता. दूध बघून येते, दार उघडून येते, फोन घेऊन येते, तेवढ्यापुरता तो शब्द असतो. म्हणून मी वाट पाहिली. पुढे खोलीतल्या रजया कोणीतरी उतरवल्या. मला गॅलरीत नेलं. मी तिथेही वाट पाहिली. ती दवाखान्यातून परत आली नाही, हे मला फार उशिरा, मावशीच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

आता त्या दिवसाकडे येतो, ज्या दिवशी माझा निकाल लागायचा होता.

मुलगी आणि मावशी घर रिकामं करायला आल्या होत्या. मुलगी कमी बोलत होती. कपाट उघडायची, आत बघायची, बंद करायची. सकाळी दहाला प्रोग्रॅमर आला. केस पांढरे, चष्मा अजून कपाळावरच. बरोबर लॅपटॉप, माईक आणि कापडात गुंडाळलेली ती काचेची टाकी.

“आज संध्याकाळी पाचवा भाग पाठवायचाच आहे,” तो म्हणाला. “सगळं आहे, शेवटचा बुडबुडा नाही. एकदा प्रयत्न करू. नाहीच जमलं तर कॉम्प्युटरमध्ये तयार आवाज असतात. शंभर बुडबुडे आहेत. त्यातला एक लावू.”

“आधीच्या भागातला?” मावशीने विचारलं.

“आईला चाललं नसतं,” मुलगी म्हणाली.

आईची आवाजांची वही सापडली होती. प्रोग्रॅमरने ती डोळ्यांजवळ धरली. “हे बघ. शेवटचा गुबुक. ओंजळ उपडी, अंगठे सावकाश. पाणी... बा. अं. म्हणजे काय?”

“दाखवा. काना आहे का तिथे?” मुलीने विचारलं.

“वहिनींचा काना कधी दिसलाय कोणाला? बा. अं. बारा अंश! तापमान लिहिलंय. एरवी कोमट घ्यायच्या, पण नवं कोडं, नवा बुडबुडा. बर्फ आहे का घरात?”

बर्फ! मी गॅलरीच्या दारातून पाहत होतो. त्यांनी टाकीत पाणी ओतलं, शेजारणीकडून बर्फ आणून टाकला, थर्मामीटर लावला आणि पाणी बारा अंशांवर आणलं. मुलीने बाही वर करून हात घातला आणि दातावर दात दाबले. अंगठे उघडले. आवाज आला तो असा, जणू कोणी बाटलीचं बूच काढलं.

मला काय वाटलं असेल? मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी आतून नाचत होतो. ती काचेची मिजास सगळ्यांसमोर फजीत होत होती. दहादा केलं, दहादा बूच. मी म्हटलं, आता तरी माझ्याकडे या.

आणि आले! मुलीने मला ढिगाऱ्यावरून उचललं, धूळ झटकली आणि तेच बर्फाचं पाणी माझ्यात ओतलं. पत्रा आकसला. माझा गळाच बसला. तिने ओंजळ घातली, अंगठे उघडले आणि माझ्या पोटातून डबा आपटल्यासारखा आवाज निघाला. तिने पुन्हा केलं. पुन्हा डबाच.

मला सगळं माहीत होतं. ते पाणी कसं हवं, कोणाच्या कोपराने बघायचं, सगळं. पण टब काय बोलणार? टाकीवर हसण्यात मी अर्धा तास घालवला होता. आता माझ्यावर तीच वेळ आली होती.

“याचा आवाज गेलाय, गं,” प्रोग्रॅमर हळू म्हणाला. “जुना झाला.”

मुलीने लाल पडलेले हात पुसले. “तयार आवाज लावा, काका,” ती म्हणाली. “मी थकले. आणि मावशी, हा परत ढिगात ठेव.”

प्रोग्रॅमर लॅपटॉपवर एकेक तयार बुडबुडा ऐकवायला लागला. “हा नळ आहे,” मुलगी म्हणायची. “हा सोडा आहे.” “हे कोणीतरी गुळण्या करतंय.” त्या आवाजांना पोट नव्हतं, पोचा नव्हता. तरी त्यांतला एक तिथे बसणार होता, जिथे मी तीन वेळा बसलो होतो. त्या न दिसणाऱ्या शंभरांचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा बदकाचाही वाटला नव्हता.

मावशी मला घेऊन निघाली होती, पण ती गॅलरीत गेली नाही. न्हाणीघरात गेली. “भंगारवाल्याला यायला अजून वेळ आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “ताईचे दोन स्वेटर तेवढे धुऊन घेते यात. कोणाला तरी उपयोगी पडतील.” तिने बर्फाचं पाणी ओतून दिलं. गरम पाणी घेतलं, थंड मिसळलं. लोकर कोमट पाण्यातच धुतात. मग तिने बाही वर केली आणि कोपर बुडवलं.

स्वेटर घेऊन मुलगी दारात आली होती. तिथेच थांबली.

“मावशी, हे काय करतेस?”

“पाणी बघते.”

“कोपराने?”

“सवय गं. बाळाच्या आंघोळीचं पाणी असंच बघतात. तुझ्या आईला मीच शिकवलं. यातच तर घालायची ती तुला आंघोळ. मी एवढा बदकाचा टब आणला होता, त्यात बाईसाहेबांनी कांदे भरले!”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. स्वेटर छातीशी धरून ती उभी राहिली. मग तिने आत हाक मारली, “काका, वही आणा. तिथे काना आहे.”

प्रोग्रॅमर वही घेऊन आला. तिघांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. काना होता. तुटका, पण होता. बा. आं.

“बाळाची आंघोळ,” मुलगी म्हणाली.

प्रोग्रॅमरने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. “पाच गेम,” तो म्हणाला. “पाच गेम मी समजत होतो, त्यांना गंमत वाटते म्हणून कोपर बुडवतात.”

मित्रांनो, इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. मी ती मघापासून लपवली आहे. तो गुबुक तिरकेरावांसाठी तयार झालाच नव्हता. प्रोग्रॅमर यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. डोक्यावर पाणी ओतलं की बाळ रडायचं, तेव्हा आई उपडी ओंजळ पाण्यात घालायची आणि बाळाच्या पोटाशी बुडबुडा सोडायची. बाळ रडायचं थांबून पाण्याकडे बघायचं. काय झालं, कुठून आलं, याचा शोध घ्यायचं. पहिलं कोडं ते आणि पहिली डिटेक्टिव्ह ती. मी तो आवाज आयुष्यभर ‘माझा, माझा’ म्हणत आलो. तो या मुलीचा होता. म्हणूनच मी तिला सगळ्यांत जास्त पाण्यात पाहिलं. खऱ्या अर्थाने सुद्धा.

तिने मला टेबलावर ठेवलं. पाणी नवं घेतलं. घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. मावशीने कोपर बुडवून मान हलवली. मग मुलीने स्वतःचं बुडवलं आणि तिनेही हलवली. प्रोग्रॅमरने माईक लावला. सगळे गप्प झाले.

आणि दारावरची बेल वाजली.

“भंगारवाला,” मावशी कुजबुजली.

मुलीने ओला हात माझ्या पाठीवर ठेवला. “आलेच,” ती म्हणाली आणि खोलीबाहेर गेली.

मित्रांनो, त्या शब्दाने माझं काय झालं ते मी सांगू शकणार नाही. पाणी तर कोमट होतं, पण मी थंड पडलो. बाहेर बोलणं ऐकू येत होतं. गॅलरीतला ढीग उचलल्याचा खडखडाट झाला. “एवढंच? टब आहे म्हणाला होतात,” भंगारवाला म्हणाला. मुलीचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मग दार लागलं. पावलांचा आवाज आला. मी मोजली ती. अकरा पावलं.

ती आली.

तिने पुन्हा एकदा कोपर बुडवलं, तेवढ्या वेळात पाणी निवलं नाही ना हे बघायला. मग उपडी ओंजळ पाण्यात घातली. हात आईचे नव्हते. बोटं लांब होती, नखांजवळ शाई होती. पण अंगठे त्याच सावकाशीने उघडले. हवा वर आली, माझ्या पोच्याला घासून गेली, तिनेच दिलेल्या गळ्यातून घुमली.

गुबुक.

कोणी हललं नाही. मी तर श्वासच रोखला होता, म्हणजे टब जसा रोखतो तसा. यावेळी काही बिघडवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण बर्फाने आकसलेल्या आणि कोमट पाण्याने पसरलेल्या माझ्या पत्र्याला शेवटी राहवलं नाही, आणि बुडबुडा विरता विरता मी बोललो: टण्.

यावेळी ते खरोखर शास्त्र होतं. शपथ घेतो.

“अरेरे, गेला! परत घेऊ,” प्रोग्रॅमर म्हणाला.

“नको,” मुलगी म्हणाली. डोळे पुसायला तिचे हात कोरडे नव्हते, म्हणून तिने खांद्याने पुसले. “राहू दे. हा आठव्या दारामागचा आहे. मुलांना कळेल.”

संध्याकाळी पाचवा भाग गेला. पाठवण्याआधी मुलीने नावांची यादी एकदा मोठ्याने वाचली. आवाज: आई, हे तिने नावाऐवजी तसंच लिहिलं होतं. शेवटचा बुडबुडा: मुलगी. कोपर: मावशी. त्यावर मावशी म्हणाली, “अगं, काहीतरीच! लोक काय म्हणतील?” पण तिने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. गप्प राहिल्याबद्दल: काचेची टाकी. आणि अगदी खाली: पाणी आणि टण्, जुना टब.

मला वाटलं होतं, त्या एका ओळीने माझा सगळा जळफळाट विझेल. तसं झालं नाही. आता मी मुलीच्या घरी, तिच्या कामाच्या टेबलाखाली राहतो. परवा तिने एक नवी बादली आणली. मला ती बादली अजिबात आवडलेली नाही.

पण तुमच्याकडे माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला कोरडं पुसा, उपडं ठेवा आणि द्यायच्या ढिगात घालण्याआधी एकदा घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, की याच्यात पूर्वी काय काय झालं. कधी कधी तिथे काना असतो, आपल्याला दिसत नाही. आणि कोणाला ‘आलेच’ म्हणून गेलात, तर परत या. जिला येता आलं नाही तिच्यावर माझा राग नाही. तिच्या जागी ती मुलगी आली, ओले हात घेऊन, अकरा पावलांवरून. मी मोजली आहेत.